उतरणाऱ्यांची वही

रेल्वेच्या हॉल्टवर रेल्वेचा माणूस नसतो. स्टेशन मास्तर नाही, पॉइंट्समन नाही, सिग्नल नाही, गाडीला झेंडी दाखवायला कोणी नाही. असतो तो हॉल्ट एजंट, आणि तो रेल्वेचा नोकर नव्हे. त्याला पगार नाही, गणवेश नाही, फुकट पास नाही, पेन्शनचा तर प्रश्नच नाही. विकलेल्या तिकिटांवर जी टक्केवारी बसेल तेवढी त्याची कमाई. मुदखेड–आदिलाबाद मार्गावरच्या अशा एका हॉल्टवर मी हे काम केलं. हॉल्टचं नाव इथं लिहीत नाही. कारण पुढं जे सांगणार आहे ते त्या एका ठिकाणापुरतं नाही, आणि काही गोष्टी वाचून उगाच कोणाला वाईट वाटायला नको.

एजन्सी मिळते कशी, हे गावातल्यांनाही नीट ठाऊक नसतं. जवळच्या मोठ्या स्टेशनवर नोटीस लागते. अर्जदार आसपासचा रहिवासी हवा, दहावी झालेला हवा, अनामत भरायची तयारी हवी. माझ्या वेळी अर्ज बरेच आले म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली. मी बी.ए. झालेलो, नोकरीचं वय सरत आलेलं, शेती कोरडवाहू. घरी येऊन सांगितलं तर वडिलांनी पहिला प्रश्न केला, "सरकारी हाय का?"

म्हटलं, "गाडी सरकारी, खोली सरकारी, तिकीट सरकारी. पगार तेवढा नाही."

"म्हणजे पानटपरीच की रे! निस्ता बोर्ड सरकारचा."

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. फरक एवढाच, की टपरीवाल्याला भाव ठरवता येतो आणि उधारी नाकारता येते. मला भाव ठरवता येत नव्हता, आणि उधारी नाकारली की सोयरीक तुटायची वेळ येत होती.

मुदखेडहून निघालेली ही लाइन भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट करत आदिलाबादला जाते. आधी सोयाबीन, कापूस, हळद. पुढं पुढं सागाचं जंगल आणि जवळ येत जाणारी पैनगंगा. पूर्वी ही मीटरगेज होती. ब्रॉडगेज व्हायला 2000 नंतरचं दशक उजाडावं लागलं. नांदेडला रेल्वेचा स्वतःचा विभाग मिळाला तोही 2003 साली. त्याआधी आमच्या गाडीचं बरंवाईट हैदराबादेत ठरायचं. आता ते नांदेडात ठरतं, आणि विभागाच्या वरचं सगळं सिकंदराबादेत, दक्षिण मध्य रेल्वेच्या मुख्यालयात.

हॉल्ट म्हणजे मुरमाचा, रुळाच्या पातळीचा फलाट, दोन टोकांना दोन पिवळ्या पाट्या, पत्र्याचा निवारा आणि त्याला चिकटून एक लहान खोली. खोलीला जाळीची खिडकी, जाळीला हात जाईल एवढं भोक. एक कडुलिंब होता. हापसा ग्रामपंचायतीचा. वीज नंतर आली; तोवर रात्रीच्या गाडीला कंदील लावायचा, काच राखेनं घासायची, हे एजंटाच्याच माथी. झाडलोटही त्याचीच.

तिकिटं पुठ्ठ्याची होती. थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रजानं 1830 च्या दशकात एका लहान स्टेशनवर काम करताना ही पद्धत बसवली. त्याआधी तिकिटं हातानं लिहून देत. यानं प्रत्येक तिकिटावर आधीच क्रमांक, ठिकाण आणि भाडं छापून घेतलं. विकताना फक्त तारीख ठोकायची. माझ्या लाकडी पेटीत भोकर, मुदखेड, नांदेड, हिमायतनगर, किनवट, आदिलाबाद असे खण होते. लहान क्रमांक तळाला, तिकीट तळातूनच ओढायचं. तारखेचं लोखंडी यंत्र शेजारी. सकाळी आल्या आल्या त्यातले ठसे बदलायचे, एका रद्दी पुठ्ठ्यावर ठोकून बघायचं, शाई पुसट असेल तर फीत ओली करायची. मग गिऱ्हाइकाचं तिकीट खाचेत सरकवलं की खट्ट. हे पोरांना इतकं आवडायचं की तिकीट आईच्या हातात न देता आधी पोराच्या हातात द्यावं लागे.

रात्रीचा हिशोबही या क्रमांकांवरच चालतो. खणात आता तळाला आलेला क्रमांक बघायचा, सकाळचा त्यातून वजा करायचा, जे उरेल ती विक्री. त्याला भाड्यानं गुणायचं आणि गल्ल्यातल्या रकमेशी जुळवायचं. जुळलं नाही तर फरक आपल्या खिशातून. एडमंडसननं अशी सोय करून ठेवली आहे की तिकीट विकणाऱ्याला ना चोरी करता येते, ना दया दाखवता येते. एखाद्या म्हाताऱ्याला फुकट पाठवायचं तर त्याचे पैसे मीच भरायचे. ते मी कधी भरले, कधी नाही.

आमची कमाई सांगण्यासारखी नव्हती. कमीत कमी भाडं 2015 च्या नोव्हेंबरात पाचाचं दहा रुपये झालं. आमच्या हॉल्टवरून बहुतेकांचं जाणं जवळचंच, म्हणजे दहाचीच तिकिटं जास्त. दहाच्या तिकिटावर मला रुपया-दीड रुपया. हिशोब द्यायला आणि नवी तिकिटं आणायला मोठ्या स्टेशनला जायचं, तो चहापाणी-भाड्याचा खर्च त्यातूनच. पेरणी-खुरपणीच्या दिवसांत मी रानात आणि खिडकीवर बायको. तिनं तिकिटं विकली की हिशोब पहिल्या फटक्यात जुळायचा, ही आमच्या घरातली जुनी थट्टा आहे.

गाडी कुठवर आली हे मला कोणी अधिकृत कळवत नसे. हॉल्टला ब्लॉक नाही, म्हणजे गाड्या सोडण्या-अडवण्याशी त्याचा संबंध नाही. कंट्रोलचा फोन तिथं नसतोच. मी विचारायचो जवळच्या फाटकावरच्या गेटमनला. त्याला स्टेशनवरून फोन येतो, मग तो फाटक पाडतो. सायकल मारत फाटकावर जायचं, विचारून यायचं. पुढं मोबाइल आला तेव्हा सगळ्या गावाची चौकशी माझ्या फोनवर सुरू झाली. "भाऊ, पॅशिंजर कुठं हाय?" भाजी काढत असलेली बाई शेतातून विचारायची, दवाखान्यात जाणारा घरातून, आणि ज्याला कुठंच जायचं नाही तोही विचारायचा, कारण गाडीच्या वेळेवर त्याच्या घरी स्वयंपाक व्हायचा.

हॉल्टवर थांबलेल्या गाडीचं सगळं गार्डच्या हातात असतं. 2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्याकडं तो अजून गार्डसाहेबच. थांबा एक मिनिटाचा. स्टेशन मास्तर नसल्यानं चढणं-उतरणं झालं की नाही हे त्यानंच बघायचं, शिट्टी त्यानंच मारायची, हिरवी झेंडी त्यानंच दाखवायची. फलाट खाली आणि डब्याची पायरी उंच. म्हातारी माणसं आधी टोपलं खाली सोडतात, मग काठी, मग पाठमोरं होऊन एक एक पाय. या सगळ्याला मिनिट पुरत नाही. एका पावसाळ्यात एक बाई अवघडलेल्या सुनेला घेऊन नांदेडच्या दवाखान्याला निघाली होती. पायरी ओली, पोरीला पाय वर घेता येईना. दोघांनी खालून धरलं, वरून एका बाईनं हात दिला. मी मागं वळून गार्डाच्या डब्याकडं बघितलं. ते दारातून वाकून बघत होते, झेंडी गुंडाळलेलीच, शिट्टी तोंडात नव्हे तर मुठीत. पोरगी आत बसली, तिच्या सासूनं खिडकीतून हात हलवला, तेव्हा कुठं शिट्टी झाली. ती दोन-तीन मिनिटं त्यांनी वहीत कशी लिहिली ते मी विचारलं नाही. असे गार्ड मी पुष्कळ बघितले. घड्याळाकडं बघत शिट्टी मारणारेही बघितले, आणि त्यांचंही बरोबरच होतं; उशिराचा जाब त्यांनाच द्यावा लागतो.

प्रवासी कोण? पहाटे भाजीवाल्या. मग कॉलेजची पोरं. आठवडी बाजारच्या दिवशी कोंबड्या, गाडगी, झाडू, सीताफळांच्या पाट्या. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या कामाला जाणारी माणसं. दिवाळी झाली की तांड्यावरची कुटुंबं उसाला निघायची, भांडीकुंडी, म्हातारं-कोतारं, एखादी शेळीसुद्धा. निजामाबाद-हैदराबादला बांधकामावर जाणारी पोरं मुदखेडला गाडी बदलायची. श्रावणात आणि पावसानं धबधबा भरला की सहस्रकुंडला जाणारे हौशी लोक आमच्या हॉल्टवरून नुसतेच खिडकीतून बघत पुढं जात. आणि बारा महिने, रोज, दवाखान्याचे लोक: नांदेडला सरकारी रुग्णालयात दाखल असलेल्या कोणासाठी तरी भाकरी-चटणी घेऊन जाणारे.

यातले तिकीट किती जण काढायचे? खरं सांगायचं तर खिडकीवर माणूस बसलेला असेल तर बरेच, नसेल तर फार थोडे. हे मला सुरुवातीच्याच दिवसांत कळलं. काळीपिवळी जीप तिप्पट पैसे घ्यायची आणि टपावर बसवायची, तिला कोणी ना म्हणत नसे. रेल्वेचे दहा रुपये मात्र जड जायचे. त्यातून मी गावचा. एका चुलतभावानं चारचौघांत सुनावलं, "घरच्याला तिकीट मागायलास व्हय रे?"

मी म्हटलं, "घरच्यालाच मागायलोय. परका तर मागायच्या आधी घेतोय."

तो त्या दिवशी तसाच गाडीत बसला. पण पुढं एकदा भोकरला तपासणी लागली, दंड बसला, मग घ्यायला लागला. एक भाजीवाल्या मावशी होत्या, त्या कधीच फुकट गेल्या नाहीत. त्यांचं कारण मला फार पटलं. म्हणायच्या, "फुकट बसलं की सारं ध्यान टीसीकडं ऱ्हातंय, लेकरा. माझं ध्यान भाजीकडं पाहिजे."

लोकांना तिकीट घ्यायला लावण्याचा माझा सगळ्यात मोठा मुद्दा धाकाचा होता: तिकिटं खपली नाहीत तर थांबा जाईल. हा धाक खोटा नव्हता. राजस्थानात सीकरजवळ रशीदपुरा खोरी नावाचं स्टेशन उत्पन्न नाही म्हणून 2005 साली बंद झालं होतं. गावकऱ्यांनी पाठपुरावा केला, ठरल्या रकमेची तिकिटं गावानं घ्यायची या बोलीवर ते पुन्हा उघडलं, आणि गावानं ती बोली पाळली. ही गोष्ट मी पारावर इतक्या वेळा सांगितली की पोरं मला बघून "रशीदपुरा" म्हणायची.

पण वर्षं गेली तसं एक गोष्ट खुपायला लागली. स्टेशनचं उत्पन्न म्हणजे त्या स्टेशनवर विकलेली तिकिटं. सकाळी आमच्याकडून नांदेडला गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो तेव्हा त्याचं तिकीट नांदेडच्या खात्यावर पडतं. कॉलेजच्या पोरांचे महिन्याचे पास मोठ्या स्टेशनवर निघतात, ते तिथले. सणावाराला माहेरी येणाऱ्या लेकीबाळी पुण्याहून, हैदराबादहून तिकीट काढून येतात. आमच्या हॉल्टवर त्या उतरतात, पण हिशोबात त्यांचा पत्ता नाही. 2017 साली रेल्वेनं स्टेशनांची नव्यानं प्रतवारी केली. मोठ्या स्टेशनांचे गट वेगळे, उपनगरी वेगळे, हॉल्टांचा गट वेगळा. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत प्रवासी जिथून निघतात ते एचजी-3, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. मोजायचं ते निघणाऱ्यांना. आमच्या गावातून गाडीनं जो एकदा जातो तो एकदा येतोच. म्हणजे आमची निम्मी गर्दी कागदावर दुसऱ्या गावाची असते.

मग मी एक दोनशेपानी वही घातली. गाडी गेली की उतरणाऱ्यांचा आकडा, तारखेसह, त्यात लिहायचा. कोणी सांगितलं नव्हतं. फलाट एवढासा, उतरणारी माणसं सगळी ओळखीची. मोजायला कष्ट नव्हते. मोठ्या स्टेशनवर हिशोब द्यायला गेलो असताना ती वही एका साहेबांपुढं ठेवली. त्यांनी दोन-चार पानं उलटली, भला माणूस होता, चहा मागवला आणि म्हणाले, "चांगलं लिहिलंय. पण याला आमच्याकडं रकाना नाही."

रेल्वेची किंमत तिकिटांत मोजणं किती फसवं आहे हे मला घरात आधीपासून ठाऊक होतं. माझं आजोळ लातूर जिल्ह्यातलं, मुरूडच्या बाजूचं. नांदेडहून लातूर सडकेनं लोहा-अहमदपूरवरून दीडशे किलोमीटरच्या आत; रेल्वेनं मात्र पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा दोनशेवर किलोमीटरचा वळसा. दोन्ही गावं थेट लाइननं जोडा ही मागणी मी लहानपणापासून ऐकत आलो. लातूरला उतरलं की पुढं बार्शी लाइट. अडीच फुटांची नॅरोगेज, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं काढलेली. 1897 साली ती आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. 1954 साली सरकारनं ती कंपनीकडून घेतली. आमच्या लहानपणी ती इतकी सावकाश चालायची की मामा म्हणायचे, घाई असेल तर चालत जा. ही लाइन पोसण्यासारखी नाही, असं म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. तरीही ती राहिली, 2007-08 मध्ये तिचं ब्रॉडगेज झालं.

मग 2016 चा उन्हाळा आला. लातूर शहरात प्यायला पाणी उरलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची गाडी लातुरात शिरली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, एका खेपेला 25 लाख लिटर. त्या गाड्या पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरून मुरूडच्या स्टेशनातून जायच्या. मामा तेव्हा थकले होते, पण स्टेशनात जाऊन बघून आले आणि मला फोनवर म्हणाले, "ती लाइन काढली असती तर आज आम्ही काय पिलो असतो रे?" नॅरोगेजच्या त्या डबड्यांतून एवढं पाणी आलं नसतं हे खरं. पण नॅरोगेज शंभर वर्षं टिकली म्हणूनच तिच्या जागी ब्रॉडगेज आली, हेही तेवढंच खरं. तिकिटांच्या हिशोबात ती लाइन कधीच नफ्याची दिसली नसती.

त्याच वर्षी जपानातल्या एका स्टेशनची गोष्ट मराठी व्हॉट्सॲपवरही फिरत होती. होक्काइदो बेटावरचं क्यू-शिराताकी नावाचं लाकडी स्टेशन, माणूस नसलेलं; शाळेत जाणाऱ्या एकाच मुलीसाठी रेल्वेनं ते चालू ठेवलं, असं त्यात लिहिलं होतं. आमच्या गावात ती वाचून लोकांचे डोळे पाणावले. सरपंच म्हणाले, "बघा, एका पोरीसाठी!" माझा भाचा पुण्याच्या कंपनीतर्फे पुढं जपानात होता. त्याला मी खोदून विचारलं. मुलगी होती, हे खरं. तिची शाळा संपता संपता स्टेशन बंद झालं हेही खरं. पण बंद करायचं रेल्वे कंपनीचं कारण प्रवासी उरले नाहीत हेच होतं, आणि तारीख होती मार्चमधल्या नव्या वेळापत्रकाची: 26 मार्च 2016. त्या दिवशी त्या मार्गावरची शेजारची दोन स्टेशनंही गेली. आणि त्याच दिवशी होक्काइदोत पहिली शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली. ही दुसरी बातमी आमच्या व्हॉट्सॲपवर आली नव्हती.

भाच्यानं पुढं जे सांगितलं त्यात मला जास्त रस होता. जपानातली जवळपास निम्मी स्टेशनं बिनमाणसांची आहेत. खेड्यातल्या बऱ्याच गाड्यांना एकच माणूस: तोच चालवतो, तोच भाडं घेतो. चढताना दाराशी एक यंत्र क्रमांकाची चिठ्ठी देतं. पुढं चालकाच्या डोक्यावर फलक असतो, त्यात कुठल्या क्रमांकाला किती भाडं ते दिसतं. उतरताना चिठ्ठी आणि पैसे चालकाजवळच्या डब्यात टाकायचे. म्हणजे तिथं पैसे उतरताना देतात, आणि चालक प्रत्येकाला बघतो. होक्काइदोतली रेल्वे कंपनी लहान स्टेशनांवरचे प्रवासी ठरावीक दिवशी मोजते आणि सरासरी जाहीर करते. दिवसाला तीन-चार माणसंही नाहीत असं दिसलं की तिथल्या नगरपालिकेशी बोलणी होतात. 2021 साली अशा काही स्टेशनांच्या देखभालीचा खर्च नगरपालिकांनी उचलला. ज्यांनी नाही म्हटलं तिथली काही बंद झाली.

हे ऐकून मला आमच्या आणि त्यांच्या हॉल्टांतला फरक स्पष्ट झाला. त्यांच्याकडं स्टेशन ओस पडलं कारण गावं रिकामी झाली, पोरं संपली. आमच्याकडं डब्यात पाय ठेवायला जागा नसते. आमच्या स्टेशनवर माणूस नाही तो माणसांच्या टंचाईमुळं नव्हे, तर इथून जाणाऱ्यांचं तिकीट स्वस्त असतं म्हणून. दहा रुपयांच्या प्रवाशांसाठी पगारी माणूस ठेवणं परवडत नाही, असा सरळ हिशोब आहे. तो चूक आहे असं मी म्हणत नाही. पण मग मोजणी तरी पुरी हवी. जपानवाल्यांनी निदान माणसं मोजून निर्णय घेतला.

मार्च 2020 मध्ये गाड्या बंद झाल्या. गाडीच नाही तर टक्केवारी कशाची? पगारी नोकरांना घरी बसून पगार होता, आम्हाला काही नव्हतं. गाड्या हळूहळू सुरू झाल्या त्या 'स्पेशल' नावानं, एक्स्प्रेसच्या भाड्यानं. दहाच्या जागी तीस रुपये. आणि बऱ्याच हॉल्टांचे थांबे वेळापत्रकात नव्हतेच, त्यात आमचाही. गाडी समोरून जायची, ओळखीचा गार्ड हात करायचा, थांबायची नाही. भाजीवाल्या मावशींनी धंदा सोडला. कॉलेजच्या दोन मुलींचं शिक्षण जीपचं भाडं परवडत नाही म्हणून थांबलं. पोरांना मोटारसायकली मिळाल्या, पोरींना लग्नं.

गावानं निवेदन द्यायचं ठरवलं. सरपंच, दोन-तीन गावांचे पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी असे बसलो. निवेदन म्हटलं की 'परिसरातील जनतेची गैरसोय होत आहे' हे वाक्य ठरलेलं. गुरुजी म्हणाले, "गैरसोय किती, ते लिहा की." तेव्हा माझी वही निघाली. चढणाऱ्यांचे आकडे माझ्या तिकीटविक्रीत होते, उतरणाऱ्यांचे वहीत. दोन्हींच्या झेरॉक्स काढून निवेदनाला जोडल्या, एकेक संच रेल्वेच्या कार्यालयात आणि लोकप्रतिनिधींना दिला. काही महिन्यांनी थांबा परत मिळाला. तो वहीमुळं मिळाला असा दावा मी करणार नाही. तेव्हा बऱ्याच ठिकाणचे थांबे परत आले होते. जुनं भाडं, दहा रुपयांचं, परत यायला मात्र 2024 चा फेब्रुवारी लागला.

तोवर काम बदललं होतं. पुठ्ठ्याची तिकिटं छापणारे रेल्वेचे छापखाने एकेक करून बंद होत आले. मोबाइलवर तिकीट निघायला लागलं. त्यावर एजंटाला काही मिळत नाही, पण पोरांना ते मीच शिकवलं. तिकीट निघालं पाहिजे, कुठूनही निघो. ज्यांच्याकडं साधा फोन आहे किंवा नाहीच, ते खिडकीवर येतात, आणि आमच्या भागात असे लोक अजून पुष्कळ आहेत.

माझी मुदत संपली, पुन्हा अर्ज केला नाही. गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरायला लागलेत. चिठ्ठी शेजारच्या तांड्यावरच्या एका पोराची निघाली. हुशार आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा पदवीधर, माझ्यासारखाच नोकरीची वाट बघून थकलेला. त्याला सगळं समजावून दिलं. गाडीच्या अर्धा तास आधी खिडकी उघडायची, गिऱ्हाईक नसलं तरी. सुटे पैसे आदल्या रात्री बाजूला काढायचे. गार्डाशी वाद घालायचा नाही. नातेवाइकाकडून पहिल्याच दिवशी पैसे घ्यायचे, नाहीतर नंतर घेता येत नाहीत.

शेवटी वही दाखवली. त्यानं विचारलं, "काका, ह्याचे पैशे मिळतेत का?"

"नाही."

"साहेब लोक मागतेत?"

"तेही नाही. पण उद्या पुन्हा वेळापत्रक बदलंल, थांबा काढायची गोष्ट निघंल. तेव्हा ते त्यांची विक्री दाखवतील. आपल्याजवळ दाखवायला काय आहे?"

तो थोडा वेळ पानं चाळत राहिला. मग म्हणाला, "हे मोबाइलात एक्सेलमधी घातलं तर महिन्याची बेरीज आपोआप निघंल. आणि जाणारे-येणारे शेजारी शेजारी दिसतील."

मला एक्सेल येत नाही. पण साहेब ज्याला रकाना नाही म्हणाले होते, तो काढायला या पोराला कोणाची परवानगी लागणार नव्हती. म्हटलं, घाल. आणि ग्रामसभेत दर वर्षी वाचून दाखव. रेल्वेनं मोजेपर्यंत निदान गावाला तरी आपला आकडा पाठ असला पाहिजे.